लावणीच्या तापाचा निबंध

मुंबईला जाऊन त्या मासिकाची चौकशी करून आलो तो मीच. डॉक्टरांनी दिलेल्या पाच प्रश्नांपैकी चारांची उत्तरं मी नीट आणली. पाचव्याचंही आणलं, पण ते उत्तर नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझा वाटा किती हे शोधत बसायला नको.

डॉक्टर कुंडलिक विशे शहापूरच्या दवाखान्यात आले ते १९३२ साली. मी तिथे आधीपासून कंपाउंडर होतो. डॉक्टरांचं गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. घरचे भात पिकवणारे कुणबी. आई आणि भाऊ देवजी गावातच राहायचे. त्या बाजूचा एक मुलगा एल.सी.पी.एस. होऊन डॉक्टर झाला याचं लोकांना इतकं अप्रूप होतं, की मुरबाडातली माणसं वीस-वीस मैल बैलगाडीने आमच्याकडे यायची. डॉक्टरांनी नुसती नाडी बघितली तरी त्यांना बरं वाटायचं.

आषाढात भातखाचरांत लावणी सुरू झाली की पंधरा दिवसांत पहिला रोगी यायचा. थंडी वाजून ताप, डोकं प्रचंड दुखायचं, आणि पोटऱ्या अशा दुखायच्या की नुसता हात लावला तरी माणूस कळवळायचा. डोळे लालभडक व्हायचे, पण चिपडं नसायची. पाचव्या-सहाव्या दिवशी डोळ्यांत पिवळं उतरायचं, लघवी कमी होत होत बंद पडायची, आणि माणूस जायचा. वरचे सगळे अधिकारी त्याला मलेरिया म्हणत. आम्हीही मलेरियाच म्हणायचो आणि क्विनीन द्यायचो. क्विनीनने कान वाजायचे, ताप हलायचा नाही.

१९३३च्या श्रावणात डॉक्टरांची थोरली बहीण चंदा याच तापाने गेली. तिला क्विनीन डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं. तिचं दिवसकार्य उरकून ते कामावर आले तेव्हा मला म्हणाले, "महिपतराव, हा मलेरिया नाही. मी सहा दिवस चुकीचं औषध देत होतो."

त्या दिवशी त्यांनी एक वेगळी वही सुरू केली. रोग्याचं नाव, गाव, किती दिवस खाचरात उभा होता, पायाच्या बोटांत चिखल्या होत्या का, पोटऱ्या कधी दुखल्या, डोळे कधी लाल झाले, लघवी किती, शेवट काय झाला. पावसाळ्यात रविवार आला की ते सायकल काढायचे. कधी किन्हवली, कधी डोळखांब, कधी धसई. सायकल चालेनाशी झाली की ती कुणाच्या तरी पडवीत टाकून चिखलातून पायी. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत अशांची हकिकत ते घरोघर बसून लिहून घ्यायचे. त्यांचा संशय खाचरातल्या पाण्यावर होता आणि त्या पाण्यात फिरणाऱ्या उंदरांवर. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे हे ते मला पुन्हा पुन्हा सांगायचे. रोग्याचं रक्त दोनदा मुंबईला प्रयोगशाळेकडे पाठवलं. इथून बर्फात घालून पाठवायची सोय नव्हती, दोन्ही वेळा ते वाटेतच नासलं.

सहा पावसाळ्यांत त्र्याऐंशी रोगी वहीत आले. एकोणतीस मेले. त्यातली एक गोष्ट मात्र ढळढळीत होती. पहिल्या दोन-तीन दिवसांत जे आले त्या एकतीस जणांतले चारच गेले. उशिरा आलेल्या बावन्नांतले पंचवीस. आमच्याकडे कसलंही खास औषध नव्हतं. सलाइन, ग्लुकोज, उकळलेलं पाणी चमच्या-चमच्याने, आणि लघवीवर लक्ष. पण वेळेवर आलं तर एवढ्यावरही माणूस तगत होता. म्हणून डॉक्टर गावोगाव एकच सांगत फिरायचे: लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, की दुसऱ्या दिवशी शहापूर.

लोक ऐकायला लागले होते. १९३७ साली डोळखांबच्या वरच्या एका वाडीतली जिवली नावाची बाई नवऱ्याला, धाऊला, डोलीत घालून तापाच्या दुसऱ्याच दिवशी घेऊन आली. डोलीला पुढे दीर, मागे ती स्वतः. धाऊ अकरा दिवस आमच्याकडे होता आणि पायांनी चालत परत गेला. जाताना जिवली म्हणाली, "तुमी सांगितला व्हता तसाच केला, डॉक्टर." त्या संध्याकाळी डॉक्टरांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

निबंध १९३८च्या दिवाळीनंतर तयार झाला. इंग्रजीत, चौतीस पानं, चार तक्ते. मजकूर डॉक्टरांचा, सुवाच्य प्रत माझ्या हातची. त्यांना नाव नको होतं. योग्य ठिकाणी छापून आलं तर सरकारातलं कुणीतरी लावणीच्या महिन्यात सूक्ष्मदर्शक घेऊन इथे येऊन बसेल, ताज्या रक्तात काय आहे ते बघेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

आता निबंध द्यायचा कुणाला, हा प्रश्न होता. डॉक्टरांनी तो आधी कलकत्त्याच्या एका जुन्या, नावाजलेल्या मासिकाकडे पाठवला. सात महिन्यांनी उत्तर आलं. निरीक्षणं काळजीपूर्वक केलेली आहेत, परंतु रोगजंतू दाखवलेला नाही, तेव्हा निष्कर्ष छापता येणार नाहीत. रोग्यांची हकिकत वीस ओळींच्या पत्रात देण्यास तयार असाल तर पत्रव्यवहाराच्या सदरात घेऊ.

डॉक्टरांनी ते पत्र दोनदा वाचलं. "सहा पावसाळे आणि वीस ओळी," ते म्हणाले आणि पत्र खणात ठेवलं. रागावले नव्हते. रागावलो होतो मी.

त्याच सुमाराला दुसरं एक पत्र आलं. कल्याणला डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांनी या तापावर दहा मिनिटं बोलून दाखवलं होतं, त्याची बातमी कुठूनशी पोचली होती. पत्र जाड, गुळगुळीत कागदावर. वर 'ॲनल्स ऑफ ओरिएंटल फीव्हर्स' असं नाव, खाली संपादक मंडळातली नऊ नावं, प्रत्येकापुढे विलायती पदव्या. आपल्या मौलिक संशोधनाला आमच्या मासिकात मानाचं स्थान मिळेल, तीन महिन्यांत छापू, एक पैसाही घेणार नाही.

"एवढी स्तुती अनोळखी माणसाने का करावी?" डॉक्टर म्हणाले. "महिपतराव, तुम्ही जाऊन बघून या."

त्यांनी एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. मासिक नेमाने निघतं का आणि मोठ्या वाचनालयात त्याचे अंक आहेत का. मंडळातली माणसं खरी आहेत का आणि आपलं नाव तिथे आहे हे त्यांना ठाऊक आहे का. आलेला लेख कोण तपासतं. ज्यांचे लेख यापूर्वी छापले त्यांचा अनुभव काय. आणि मासिकाचा खर्च कोण करतं.

मी दोन दिवसांची रजा काढली आणि आसनगावहून गाडी पकडली.

एका वैद्यकीय कॉलेजच्या वाचनालयात अंक होते. तीन वर्षांचे, एकही न चुकता, ओळीने लावलेले. मला फार बरं वाटलं. तिथला कारकून म्हणाला, "हे आपलं येतं. आम्ही मागवत नाही." मी कागदावर लिहिलं: वाचनालयात नियमित येतं.

मंडळातल्या नऊ नावांपैकी सहा मला नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या यादीत सापडली. त्यातल्या एकांना, गिरगावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना, मी जाऊन भेटलो. ते आरामखुर्चीत पडले होते. "हो, आहे माझं नाव," ते म्हणाले. "सज्जन माणसं आहेत. दिवाळीला आठवणीने भेटायला येतात."

"लेख आपण तपासता का?"

"पाठवले तर तपासीन की."

मी लिहिलं: मंडळ खरं आहे. ज्यांचे लेख छापले त्यांपैकी दोघांना मी आधीच पत्रं टाकली होती. साताऱ्याच्या एका डॉक्टरांचं उत्तर आलं होतं. वेळेवर छापलं, पंचवीस सुट्या प्रती पाठवल्या, तक्रार नाही. दुसऱ्याचं उत्तर आलं नव्हतं, तेही मी प्रामाणिकपणे लिहिलं.

शेवटी मासिकाच्या कचेरीत गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीला नवा रंग. संपादकांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. कंपाउंडर आहे म्हटल्यावरही त्यांची वागणूक बदलली नाही, आणि ते माझ्या मनात भरलं. लेख कोण तपासतं विचारल्यावर त्यांनी कपाटातला कागदांचा गठ्ठा दाखवला. मग त्यांनीच मला विचारलं, "तुमचे डॉक्टर मूळचे तिकडचेच ना? लोक मानतात त्यांना?"

मी अभिमानाने म्हणालो, "मुरबाडपासून कसाऱ्यापर्यंत त्यांच्या शब्दावर माणसं चालतात."

त्यांनी ते टिपून घेतलं. मला वाटलं, लेखकाची ओळख छापायची असेल.

"मासिक चालतं कशावर?" मी शेवटचा प्रश्न विचारला.

"जाहिरातींवर," ते म्हणाले. मी तेच लिहिलं.

शहापूरला परत आल्यावर दुपारची गर्दी ओसरल्यावर डॉक्टरांनी माझा कागद वाचला. शेवटच्या ओळीवर थांबले. "कुणाच्या जाहिराती?"

"औषधवाल्यांच्या. सगळ्याच मासिकांत असतात."

"एकाच्या की अनेकांच्या?"

मी आठवून पाहिलं. प्रत्येक अंकाच्या पाठीवर एकच जाहिरात होती, हे मला तेव्हाही आठवत होतं. मी म्हणालो, "नीट बघितलं नाही. पण डॉक्टर, कलकत्तेवाल्यांच्या वीस ओळींपेक्षा हे बरं. तक्त्यांसकट छापतील. पुढच्या लावणीच्या आत हातात येईल."

त्यांनी वहीतलं शेवटचं पान उघडलं. त्या वर्षी नऊ माणसं गेली होती. मग म्हणाले, "ठीक आहे. पाठवू या." मासिकाने एक छापील फॉर्म पाठवला होता, त्यावर त्यांनी सही केली. फॉर्म बारीक इंग्रजीत होता. वाचला दोघांनीही, पण सही कुठे करायची हे बघण्यापुरताच.

अंक १९४०च्या जानेवारीत आला. डॉक्टरांचं नाव ठळक अक्षरांत होतं. चौतीस पानांची चौदा झाली होती. ज्या तक्त्यात लवकर आलेले आणि उशिरा आलेले असा फरक होता तो तक्ताच नव्हता. उंदरांविषयी जे 'असू शकेल' म्हणून लिहिलं होतं ते 'आहे' झालं होतं. आणि शेवटी एक परिच्छेद होता: या तापात यकृताला बळ देणाऱ्या कडू द्रव्यांच्या सिरपने, उदाहरणार्थ फेब्रोसुधाने, उत्तम गुण आल्याचं दिसून येतं.

"हे माझं वाक्य नाही," डॉक्टर म्हणाले. "फेब्रोसुधा म्हणजे काय?"

मी अंक पालथा केला. पाठीवर त्याचीच जाहिरात होती.

त्यांनी संपादकांना चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. शहापूरच्या एका वकिलांना फॉर्मची नक्कल दाखवली. ते म्हणाले, "लेखात फेरफार करण्याचा आणि त्याचा हवा तसा उपयोग करण्याचा हक्क तुम्ही लिहून दिलाय, डॉक्टर. सही तुमची आहे." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. जिना उतरताना मी म्हणालो, "चूक माझी झाली." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही विचारून आलात. पुढचं मी विचारायला हवं होतं." ते मला एक शब्द जरी लावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

तोवर आम्हाला वाटत होतं की नुकसान झालं ते कागदावर झालं.

आषाढाच्या दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याबरोबर मुरबाड तालुक्यात त्यांच्या घरी गेलो होतो. धसईकडे दोन रोगी बघायचे होते. त्यांची आई चुलीपुढून उठली आणि देवाच्या फळीवरून एक बाटली काढून तिने माझ्या हातात दिली. "तुमी वाचा, महिपतराव. माझ्या कुंडलिकाचं नाव हाये त्यावर." बाटलीच्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं: फेब्रोसुधा. शहापूरचे सुप्रसिद्ध डॉ. विशे यांनी शोधून काढलेल्या लावणीच्या तापावर रामबाण. खाली मुंबईचा पत्ता होता. ती इमारत आणि तो दुसरा मजला मी ओळखला. तिथे मी चहा प्यायलो होतो.

"देवजीनं बाजारातून आणली," आई सांगत होती. "समद्या गावानं घेतली. माझी फोडली नाय मी. ठेवलीय."

डॉक्टरांनी बाटली घेतली, कागद वाचला. मग म्हणाले, "आये, ही मला दे."

"नको रं. राहू दे. नाव हाये तुझं."

त्यांनी बाटली परत तिच्या हातात दिली. देवजीला मात्र बाहेर पडवीत नेऊन त्यांनी सांगितलं की हे औषध नाही, कडू सरबत आहे, कुणाला ताप आला तर गाडी जुंपायची. देवजीने मान हलवली. पण मान हलवताना तो डॉक्टरांच्या तोंडाकडे अशा नजरेने बघत होता की जणू भावाचं मुंबईवाल्यांशी काही बिनसलंय आणि ते तो सांगत नाही.

दहा दिवसांनी दुपारी धाऊ आला. डोलीत जिवली होती. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि ओठांना रक्त सुकलेलं होतं.

"कधीपासून ताप?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज आठवा दिस."

"आठ दिवस, धाऊ? तुला दुसऱ्या दिवशी आणली होती तिनं."

"मी बी आणणारच व्हतो," धाऊ म्हणाला. "मंग बाजारात तुमचं औषध गावलं. दुकानदार बोलला, आता शापूरला जायाची गरज नाय, डॉक्टरांनी औषध बाटलीत भरून धाडलाय. चार बाटल्या पाजल्या. एक थेंब सांडू दिला नाय."

"ते माझं औषध नाही."

"नाव हाये ना वर. मी गुरुजींकडून वाचून घेतला."

जिवली शुद्धीवर होती. डॉक्टर तिच्याजवळ बसले तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "लय कडू व्हतं. तुमचंच असंल म्हणून पिले."

दोन दिवसांपासून तिला लघवी झाली नव्हती. आम्ही सलाइन लावलं, पाणी दिलं, जे जे करायचो ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. धाऊ बाहेरच्या ओट्यावर बसला होता. डॉक्टर त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्याने वर बघितलं आणि विचारलं, "बाटली दोन दिस आधी चालू केली असती तर वाचली असती का, डॉक्टर?"

त्याच्या मनात खरंच तसं होतं. डॉक्टर आत आले, हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते किन्हवलीला गेले आणि दुकानासमोर उभे राहून त्यांनी लोकांना सांगितलं की ही बाटली घेऊ नका. माणसं जमली. कमळू नावाचा एक म्हातारा पुढे झाला. डॉक्टरांवर त्याचा फार जीव होता, त्याच्या सुनेला त्यांनी वाचवलं होतं.

"मंग कागदावर तुमचं नाव खोटं हाये का?" त्याने विचारलं.

"नाव खरं आहे."

"ह्यो ताप तुमी शोधला ते खोटं?"

"शोधला म्हणजे, मी तो लिहून काढला. ते खरं आहे."

"मंग?"

डॉक्टरांनी मासिक, निबंध, फॉर्म हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो आणि मलाच ते पटण्यासारखं वाटत नव्हतं. सहा वर्षं त्यांनी लोकांना दोनच वाक्यं सांगितली होती आणि लोकांनी ती धरून ठेवली होती. आता जे सांगायचं होतं त्याला दोन वाक्यं पुरत नव्हती. दुकानदार काउंटरमागून नरम आवाजात म्हणाला, "डॉक्टर, लोकांना घरबसल्या औषध मिळतंय तर मिळू द्या की." बरीच माणसं त्याच्या बाजूने हसली. वाईटपणाने नाही. डॉक्टरांना आपलं महत्त्व कमी झालेलं सोसत नाही असं लोकांना वाटलं, आणि त्याबद्दल त्यांनी डॉक्टरांना मनातून माफही केलं असावं.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे बावीस रोगी आले. तीन दिवसांच्या आत आलेले दोन. चौदा मेले. घरच्या घरी किती गेले त्याची मोजदाद झाली नाही, कारण डॉक्टरांनी रविवारचं फिरणं सोडलं होतं. कुठल्याही पडवीत गेलं की फळीवर बाटली दिसायची.

सप्टेंबरात त्यांनी खणातून कलकत्त्याचं पत्र काढलं आणि वीस ओळी लिहिल्या. निष्कर्ष नाही, उंदीर नाहीत. फक्त एवढे रोगी, एवढे मेले, लवकर आलेल्यांत एवढे. मी प्रत केली. इतकं नेमकं त्यांनी याआधी काहीच लिहिलं नव्हतं. उत्तर फेब्रुवारीत आलं. सदर मजकूर अन्यत्र प्रसिद्ध झाल्याचं आढळल्यावरून स्वीकारता येत नाही. ज्या मासिकात तो प्रसिद्ध झाला त्याबद्दल संपादकांनी काहीच लिहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्यांनी मनात आणलं असतं तर चार कडक शब्द लिहिता आले असते, आणि ते बरोबर असते.

त्यानंतर वरून विचारणा झाली की सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांचं नाव विक्रीच्या औषधावर कसं. त्यांनी खुलासा पाठवला, निबंधाची मूळ प्रतही जोडली. खुलासा मान्य झाला असावा, कारण शिक्षा काही झाली नाही. नुसती बदली झाली, खानदेशात. तिकडे भाताची लावणी नसते. जायच्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तुम्हाला हवी तर ठेवा. माझ्याच्यानं आता यात लिहवणार नाही." मी ती ठेवून घेतली. दोन-तीन वर्षं दिवाळीला आमची पत्रं झाली. त्यात प्रकृतीची चौकशी असे, बाकी काही नसे. मग त्यांच्याकडून पत्र येणं थांबलं.

नवे डॉक्टर हुशार होते, हाताला गुण होता. १९४२च्या श्रावणात किन्हवलीकडची राही नावाची पोर आली. तिसरा दिवस, डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईना. डॉक्टरांनी क्विनीन लिहिलं.

मी म्हणालो, "साहेब, हा मलेरिया नसावा. इथे लावणीचा एक ताप आहे. विशे डॉक्टरांनी त्यावर काम केलंय."

"असं? कुठे छापून आलंय?" त्यांनी मनापासून विचारलं. युद्धामुळे औषधांची टंचाई होती, काही नवं कळलं तर त्यांना हवंच होतं.

मी कपाटातून अंक काढून दिला. त्यांनी उभ्या उभ्या चाळला, शेवटचा परिच्छेद वाचला, अंक पालथा करून पाठ बघितली आणि माझ्या हातात परत दिला. "महिपतराव, हे बाटली विकणाऱ्यांचं मासिक आहे. यातल्या एकाही अक्षरावर विश्वास ठेवता येणार नाही."

मी वही दाखवली. ते म्हणाले, "लिहिलंय कष्टाने. पण ज्यांनी हे लिहिलं त्यांनीच तेही लिहिलं ना?"

त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी असतो तर मीही हेच विचारलं असतं, आणि मुंबईला गेलो तेव्हाच त्या पाठीवरच्या जाहिरातीबद्दल विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी क्विनीनचं मिक्स्चर तयार केलं. राहीच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की पाणी उकळून गार करून दर थोड्या वेळाने चमचा-चमचा पाजत राहा, आणि लघवी होते का ते मला येऊन सांग. तिने विचारलं, "ह्ये डॉक्टरांनी सांगितलाय का?"

मी म्हणालो, "हो."

सलाइन मात्र मला माझ्या अधिकारात लावता येत नव्हतं. सहाव्या दिवशी राही गेली.